सांता मारिया नोव्हेल्ला, फ्लॉरेन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्सला बहुतेकांच्या वाट्याला एक दिवस येतो, फार तर दीड. त्यात सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च पाहायचं ठरवलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींना वेळ लागतो, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

फ्लॉरेन्समध्ये एवढी चर्च आहेत, मग हेच का?

इथली बरीचशी चित्रं ज्या भिंतीसाठी काढली त्याच भिंतीवर अजून आहेत म्हणून. संग्रहालयात चित्र डोळ्यांसमोर, सारख्या उजेडात टांगलेलं असतं. शेजारी दुसऱ्याच गावातलं, दुसऱ्याच शतकातलं चित्र असतं. इथे तसं नाही. कुठल्या घराण्यानं पैसे दिले, वेदी कुठे होती, माणसं कुठे उभी राहून प्रार्थना करत, पलीकडच्या चॅपलवर (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनाघरावर) कोणाचा हक्क होता, हे सगळं चित्राभोवती शाबूत आहे. प्रबोधनकाळातली कला पुस्तकात पाहिली असेल तर ती इथे पहिल्यांदा जागेवर दिसते. माझं स्पष्ट मत आहे की उफ्फीत्सी संग्रहालयाच्या आधी इथे यावं. इथून गेल्यावर तिथली चित्रंही वेगळी दिसू लागतात, कारण तीही कुठल्यातरी वेदीवरून उतरवलेली आहेत हे लक्षात राहतं.

हे चर्च कोणाचं आणि किती जुनं?

डोमिनिकन या ख्रिस्ती संघाच्या साधूंना १२२१ मध्ये गावकुसाबाहेरची ही जागा मिळाली. आजच्या इमारतीचं काम तेराव्या शतकात सुरू झालं, चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बहुतांशी उभी राहिली आणि १४२० मध्ये पोप पाचवे मार्टिन यांच्या हस्ते तिचं अर्पण झालं. म्हणजे सांगाडा गॉथिक आणि आतली श्रीमंती पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांतली. साधूंचा मठ आजही आहे आणि मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, आजही होते. हे जितंजागतं प्रार्थनास्थळ आहे, हे आत शिरताना ध्यानात असू द्या.

पोचायचं कसं?

याहून सोपं काही नाही. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाला या चर्चचंच नाव आहे. बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे चर्चची पाठ दिसते. रोमहून वेगवान गाडीनं साधारण दीड तास लागतो, मिलान किंवा व्हेनिसहून दोनेक तास. विमानतळावरून ट्राम स्थानकाजवळच आणून सोडते. बॅगा घेऊन थेट चर्चकडे जाऊ नका. मोठं सामान आत नेता येत नाही, ते स्थानकावरच्या सामानघरात ठेवा. स्थानकाच्या परिसरात गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात असावं.

आणि स्थानकाकडून आत जायला दार असलं तरी आधी वळसा घालून पुढच्या चौकात या. दर्शनी भिंत न पाहता आत जाणं म्हणजे पहिलं पान न वाचता पुस्तक उघडणं.

तिकीट आणि वेळा?

चर्च, अंगणं आणि संग्रहालय मिळून एकच तिकीट असतं. दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी चर्चच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. ढोबळ नियम असा की शुक्रवारी दार उशिरा उघडतं, रविवारी आणि धार्मिक सणांना पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात, आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी थांबतो. रविवारी सकाळी फ्लॉरेन्सला उतरून थेट इथे येण्याचा बेत आखू नका.

कपड्यांचे नियम काय? चपला काढायच्या का?

चपला-बूट काढायचे नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम पुरुषांनाही लागू आहे. उन्हाळ्यात बाहीविना कपडे घातले असतील तर एक ओढणी किंवा स्टोल जवळ ठेवा. पुरुषांनी टोपी काढावी. गुडघे टेकण्याची, क्रूसाची खूण करण्याची अपेक्षा कोणी करत नाही. कुणी प्रार्थना करत असेल तर त्याच्या आणि वेदीच्या मधून जाऊ नये, एवढं पाळलं की पुरे.

किती वेळ ठेवावा?

दोन तास. टूर कंपनीच्या कार्यक्रमात पाऊण तास दिलेला असतो आणि त्यात सगळं 'होतं'. पण पाऊण तासच असेल तर सगळं पाहू नका. मासाच्चोचं 'त्रैक्य' हे भित्तिचित्र (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं), मुख्य वेदीमागचं गिरलांदायोनं रंगवलेलं चॅपल आणि मधोमध टांगलेला जॉत्तोचा क्रूस, एवढी तीन ठिकाणं धरा आणि बाकी सोडून द्या. लहान दुर्बीण असेल तर आणा. वरच्या रांगांमधली चित्रं फार उंचावर आहेत आणि फोन मोठा करून पाहण्यापेक्षा दुर्बिणीतून ती कितीतरी चांगली दिसतात.

दर्शनी भिंतीत एवढं काय आहे?

पांढऱ्या आणि गडद हिरव्या संगमरवराची ही भिंत दोन काळांत बांधली गेली. खालचे निमुळत्या कमानींचे कोनाडे चौदाव्या शतकातले. ती श्रीमंत घराण्यांची थडगी आहेत. वरचा भाग वास्तुविशारद लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीनं पंधराव्या शतकात पूर्ण केला. त्याच्यासमोर अडचण मोठी होती. मध्ययुगीन खालचा भाग पाडता येत नव्हता, चर्चचा मधला भाग उंच आणि बाजूचे ठेंगणे, त्यामुळे मध्ये पायरीसारखी उडी पडत होती. त्यानं वर देवळाच्या आकाराचा एक मजला चढवला आणि दोन्ही बाजूंची उडी वळणदार, नक्षीदार कमळांसारख्या दोन प्रचंड वेलांट्यांनी झाकली. पुढची काही शतकं युरोपभरच्या चर्चनी ही युक्ती उचलली. सगळ्या भिंतीची उंची आणि रुंदी सारखी आहे, म्हणजे ती एका चौरसात बसते. जुनं आणि नवं एकाच मापात बसवल्यामुळे सांधा डोळ्यांना टोचत नाही.

माथ्याखाली मोठ्या रोमन अक्षरांत एक ओळ आहे : पाओलोचा मुलगा जोव्हान्नी रुचेल्लाई, सन १४७०. देवाचं नाव नाही, वास्तुविशारदाचं नाही, पैसे देणाऱ्याचं आहे. आपल्याकडे एखाद्या घराण्यानं देवळाला कळस चढवून पायरीच्या दगडावर नाव कोरावं, तसंच हे. या घराण्याची सुबत्ता लोकरीच्या व्यापारातून आणि दगडफुलापासून काढलेल्या जांभळ्या रंगातून आली होती, त्यांचं आडनावही त्या रंगावरूनच पडलं. भिंतीवर वाऱ्यानं फुगलेलं शीड पुन्हा पुन्हा दिसेल. ते या घराण्याचं चिन्ह.

आत शिरल्यावर आधी कुठे पाहायचं?

सरळ समोर, मधोमध. चर्च जवळजवळ शंभर मीटर लांब आहे, पण त्याहूनही लांब वाटतं, कारण खांबांमधलं अंतर वेदीकडे जाताना कमी कमी होत जातं. त्या लांबीच्या मध्यावर जॉत्तोचा लाकडी क्रूस टांगला आहे. उंची पावणेसहा मीटर, काळ साधारण १२९०.

त्याआधीच्या चित्रांमधला क्रूसावरचा ख्रिस्त वळणदार, अलंकारिक आणि वेदनेपलीकडचा असे. जॉत्तोनं त्याला वजन दिलं. डोकं पुढे कललंय, पोट सैल पडलंय, हात शरीराच्या भारानं ताणले गेलेत. हे मेलेल्या माणसाचं शरीर आहे. पुढच्या दोनशे वर्षांत या भिंतींवर जे घडलं त्याची सुरुवात इथे आहे, म्हणून आधी हे पाहायचं. १३१२ सालच्या एका मृत्युपत्रात या क्रूसापुढे दिवा तेवत राहावा म्हणून तेलाची तजवीज केलेली आहे आणि त्यात जॉत्तोचं नावही आहे. दीर्घ काळच्या दुरुस्तीनंतर २००१ मध्ये तो परत इथे लावला गेला.

मासाच्चोचं 'त्रैक्य' एवढं प्रसिद्ध का?

डाव्या हाताच्या भिंतीवर, मध्याच्या आसपास आहे. जवळ जाऊ नका. चर्चच्या मधल्या भागातच उभे राहा आणि समोरासमोर या. भिंतीत एक खोली उघडल्यासारखी वाटेल. वर गोल छत, त्याला चौकटींचे कप्पे, आत क्रूसावरचा ख्रिस्त, मागे उभा पिता परमेश्वर, दोघांच्या मध्ये पांढऱ्या कबुतराच्या रूपातला पवित्र आत्मा, खाली येशूची आई मरीया आणि शिष्य योहान. प्रत्यक्षात भिंत सपाट आहे.

१४२५ ते १४२७ च्या सुमारास हे रंगवलं गेलं. आज टिकून असलेल्या चित्रांपैकी पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे सपाट भिंतीवर अंतर भासवण्याचं, गणित इतक्या काटेकोरपणे वापरणाऱ्या पहिल्या काही चित्रांत याची गणना होते. छताच्या कप्प्यांच्या रेषा मनानं खाली ओढत आणा. त्या सगळ्या एका बिंदूत मिळतात आणि तो बिंदू क्रूसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. म्हणून छत खालून दिसतं आणि म्हणून खोली खरी वाटते. चित्रकारानं पाहणारा कुठे उभा राहणार हे आधी ठरवलं आणि मग चित्र रचलं. गिलावा ओला असताना आखलेल्या रेषांचे ओरखडे छताच्या भागात अजून आहेत.

मरीयेकडे पाहा. ती तरुण, सुंदर दाखवलेली नाही. प्रौढ बाई आहे. ती मुलाकडे पाहत नाही, आपल्याकडे पाहते आणि हातानं त्याच्याकडे दाखवते. रडत नाही. या चर्चमध्ये एकाच आकृतीसमोर थांबायचं तर मी हिच्यासमोर थांबेन.

चौकटीबाहेर एक स्त्री आणि एक पुरुष गुडघे टेकून बसले आहेत. ते चित्र काढून घेणारे. ते खोलीच्या आत नाहीत, आपल्या बाजूला आहेत. त्यांच्या खाली शवपेटीवर एक सांगाडा आणि त्यावर इटालियन ओळ, जिचा अर्थ असा : तुम्ही आज जे आहात ते मी होतो, मी आज जो आहे ते तुम्ही व्हाल. खालून वर पाहत गेलं की मरण, मग प्रार्थना, मग क्रूस, मग परमेश्वर असा चढता क्रम लागतो. मासाच्चो १४२८ मध्ये वारला तेव्हा तिशीलाही पोचला नव्हता.

हे चित्र मध्यंतरी गायब झालं होतं, हे खरं का?

झाकलं गेलं होतं. १५६५ नंतर शहरावर सत्ता असलेल्या मेदिची घराण्यातल्या ड्यूक कोसिमोच्या आज्ञेनं चित्रकार आणि कलावंतांचा चरित्रकार ज्योर्ज्यो वासारीनं चर्चचं नूतनीकरण केलं. सर्वसामान्य लोक आणि साधू यांच्यामधली आडवी भिंत पाडली, बाजूंना नव्या वेदी बसवल्या. त्यातली एक वेदी बरोबर त्रैक्यासमोर आली. ज्या वासारीनं स्वतःच्या लिखाणात या चित्राची मनापासून स्तुती केली होती, त्यानंच ते झाकलं. पण पुसलं नाही, खरवडलं नाही, पुढे नवं चित्र उभं केलं आणि मागचं जसंच्या तसं ठेवलं. ते वाचावं म्हणूनच त्यानं असं केलं असावं असं मानणाऱ्यांमध्ये मीही आहे.

जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८६० च्या सुमारास वेदी हलवली तेव्हा चित्र सापडलं. ते भिंतीवरून उतरवून प्रवेशाकडच्या भिंतीवर नेलं. सांगाडा मात्र मूळ जागीच दबलेला राहिला. तो १९५२ मध्ये सापडला आणि मग वरचा भाग परत आणून दोन्ही जोडले. एवढ्या स्थलांतरानंतर रंग काही ठिकाणी गेले आहेत. सपाट तपकिरी डाग दिसतील ते मासाच्चोचे नाहीत.

भिंतीवरची चित्रं इतकी वर्षं टिकली कशी? मग काही ठिकाणी पोपडे का?

खरं भित्तिचित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढतात. रंग पाण्यात कालवलेला असतो. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीसारखा थर होतो आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. बाजूच्या उजेडात पाहिलंत तर या दिवसांच्या तुकड्यांचे सांधे दिसतात. कधी एका डोक्याभोवती संपूर्ण वळसा घालून सांधा जातो : म्हणजे तो दिवस फक्त त्या चेहऱ्याला दिला होता.

काही रंग, विशेषतः महागडे निळे, वाळल्यावर वरून चढवत. ते आधी झडतात. निळ्याऐवजी काळपट कापड दिसलं तर कारण हे. आणि भिंतीत ओल शिरली की क्षार बाहेर येतात, ते गिलावा आतून ढकलतात. ४ नोव्हेंबर १९६६ च्या अर्नो नदीच्या महापुराचं पाणी या मठाच्या अंगणांपर्यंतही आलं होतं.

मुख्य वेदीमागच्या चॅपलमध्ये नेमकं काय पाहायचं?

इथे खुर्ची असेल तर बसा. जोव्हान्नी तोर्नाबुओनी हा मेदिची बँकेचा रोममधला माणूस आणि लोरेन्झो मेदिचीचा मामा. त्यानं १४८५ मध्ये दोमेनिको गिरलांदायोशी करार केला, मोबदला अकराशे सोन्याचे फ्लोरिन. दोमेनिको, त्याचे भाऊ, मेहुणा आणि कार्यशाळेतली पोरं यांनी १४९० पर्यंत तिन्ही भिंती भरून काढल्या. डाव्या भिंतीवर मरीयेचं आयुष्य, उजव्या भिंतीवर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. कथा खालून वर वाचायची.

त्याआधी या मानाच्या जागेवर फ्रान्चेस्को सास्सेत्ती या दुसऱ्या बँकवाल्याची नजर होती. त्याला आपल्या नावाच्या संताची, असीसीच्या फ्रान्सिसची कथा रंगवून हवी होती. डोमिनिकन साधू आपल्या मुख्य वेदीमागे फ्रान्सिस्कन संघाचा संत कसा चालवून घेतील? सास्सेत्ती सांता त्रिनिता चर्चमध्ये गेला आणि गिरलांदायोकडूनच तिथलं चॅपल रंगवून घेतलं.

डावीकडे खालच्या रांगेत मरीयेचा जन्म पाहा. बाळंतिणीची खोली ही फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घराची खोली आहे. लाकडी जडावाच्या भिंती, वर नाचणाऱ्या बालकांची पट्टी, दाई परातीत पाणी ओततेय आणि तिच्या ओतण्यात खरी घाई आहे. पाच बायका बाळंतिणीला भेटायला आल्यात. सगळ्यांत पुढे जरीच्या वस्त्रातली ताठ मुलगी म्हणजे यजमानाची मुलगी लुदोव्हिका. लाकडी भिंतीच्या नक्षीत चित्रकारानं आपली नावंही गुंफली आहेत. शेजारच्या, मरीयेचे वडील योआकीम यांना मंदिरातून बाहेर काढण्याच्या चित्रात उजव्या घोळक्यात कमरेवर हात ठेवून आपल्याकडे पाहणारा तो गिरलांदायो स्वतः आहे, असं मानतात.

उजव्या भिंतीवर मरीया आणि योहानाची आई अलीशिबा यांची भेट आहे. त्यात बाजूला, बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्याची, सोनेरी वस्त्रातली तरुणी उभी आहे. ती जोव्हान्ना देल्यी आल्बिझ्झी, यजमानाची सून. १४८८ मध्ये बाळंतपणात वारली. चित्र पूर्ण झालं तेव्हा ती नव्हती. शेजारच्या दृश्यात देवदूत अलीशिबाचा नवरा जखऱ्या याला मुलगा होण्याची वार्ता देतो, आणि मंदिरात गर्दी आहे ती तोर्नाबुओनी मंडळींची आणि मार्सिलियो फिचिनोसारख्या त्या काळच्या विद्वानांची. तिथल्या कमानीवर लॅटिन लेख आहे : संपत्ती, विजय, कला आणि इमारती यांनी नावाजलेलं हे सुंदर शहर आरोग्य आणि शांतता उपभोगत होतं तेव्हाचं, १४९० सालचं हे चित्र. चारच वर्षांनी मेदिचींना शहरातून हाकललं गेलं. १४९७ मध्ये त्यांना परत आणण्याच्या कटात जोव्हान्नाचा नवरा लोरेन्झो तोर्नाबुओनी याचा शिरच्छेद झाला. हे माहीत असलं की ते टापटीप चेहरे निव्वळ श्रीमंती मिरवणारे वाटत नाहीत.

मायकेलअँजेलोनं इथे काम केलं का?

१४८८ च्या एप्रिलमध्ये, तेराव्या वर्षी, तो गिरलांदायोकडे उमेदवारीला लागला आणि त्या वेळी या चॅपलचं काम चालू होतं. परांचीवर तो चढला असणार. पण अमुक चेहरा त्याचा, असं दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

वेदीच्या दोन्ही बाजूंच्या चॅपलमध्ये थांबावं का?

उजवीकडच्या स्त्रोत्सी चॅपलमध्ये नक्की. फिलिप्पिनो लिप्पीनं ते १४८७ मध्ये घेतलं आणि १५०२ मध्ये संपवलं. मध्ये तो रोमला गेला आणि यजमान फिलिप्पो स्त्रोत्सी तर १४९१ मध्येच वारला. गिरलांदायोच्या शांत, नीटनेटक्या जगाशेजारी हे वादळ आहे. संत फिलिप युद्धदेवता मार्सच्या वेदीखालून निघालेल्या अजगराला हाकलतो, अजगराच्या दुर्गंधीनं राजपुत्र कोसळलाय आणि आजूबाजूची माणसं नाकं दाबून उभी आहेत. दोन चॅपलांमध्ये फक्त एक भिंत आणि काही वर्षं आहेत, पण मधल्या काळात शहराचा विश्वास डळमळला होता आणि ते रंगांत उतरलंय असं मला वाटतं.

डावीकडे गोन्दी चॅपलमध्ये ब्रुनेलेस्कीनं घडवलेला लाकडी ख्रिस्त आहे. वासारी सांगतो की शिल्पकार दोनातेल्लोच्या क्रूसाला ब्रुनेलेस्कीनं "हा तर शेतकरी टांगलाय" म्हटलं आणि स्वतः हा करून दाखवला. तो पाहून दोनातेल्लोच्या हातातली अंडी खाली पडून फुटली. गोष्ट खरी असो-नसो, दोनातेल्लोचा क्रूस सांता क्रोचे चर्चमध्ये आहे, दोन्ही पाहून स्वतः ठरवता येतं. डाव्या टोकाला पायऱ्या चढून गेलात की नार्दो दी चोनेनं कवी दान्तेच्या वर्णनाबरहुकूम रंगवलेला नरक आणि समोर स्वर्ग दिसतो.

अंगणांत आणि स्पॅनिश चॅपलमध्ये काय आहे?

हिरव्या अंगणाला नाव पडलं ते हिरव्या मातीच्या रंगात काढलेल्या चित्रांवरून. पाओलो उचेल्लोचा नोहाचा जलप्रलय याच अंगणासाठी काढला होता. चित्राची अवस्था नाजूक आहे, पण दोन बाजूंनी आत धावणाऱ्या तारवाच्या भिंती अजून थरारक आहेत.

अंगणातून साधूंच्या सभागृहात जाता येतं. नंतर ते फ्लॉरेन्समधल्या स्पॅनिश मंडळींना प्रार्थनेसाठी मिळालं म्हणून स्पॅनिश चॅपल. आंद्रेआ दी बोनायुतोनं १३६५ ते १३६७ दरम्यान रंगवलेल्या उजव्या भिंतीवर फ्लॉरेन्सचं कॅथीड्रल घुमटासकट दिसतं. खरा घुमट ब्रुनेलेस्कीनं १४२० मध्ये बांधायला घेतला. त्याच भिंतीवर काळेपांढरे कुत्रे लांडग्यांवर तुटून पडलेत. काळापांढरा हा डोमिनिकन वेश आहे, कुत्रे म्हणजे कळपाची राखण करणारे साधू. मुलं बरोबर असतील तर त्यांना कुत्रे मोजायला लावा.

गॅलिलिओचा या चर्चशी काय संबंध?

१६१४ च्या डिसेंबरात तोम्मासो काच्चीनी या डोमिनिकन साधूनं इथल्या व्यासपीठावरून गॅलिलिओच्या मतांवर जाहीर हल्ला चढवला. ते खांबाला लगटलेलं, ब्रुनेलेस्कीच्या आराखड्याचं व्यासपीठ आजही आहे. पण याच संघातल्या इग्नात्सिओ दान्ती या गणितज्ञानं त्याआधी चाळीस वर्षं दर्शनी भिंतीवर खगोलयंत्रं बसवली होती. वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चला पडतो हे त्याला त्यावरून दाखवता आलं. पुढे १५८२ मध्ये दिनदर्शिका दहा दिवसांनी पुढे सरकवली त्या सुधारणेत तो सामील होता. व्यासपीठ पाहाल तेव्हा बाहेरची ती यंत्रंही आठवा, एकाच मठानं दोन्ही दिलं.

ख्रिस्ती कथा माहीत नाहीत. काही कळेल का?

कळेल, पण आदल्या रात्री लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय मराठी बायबलमध्ये वाचून या. जखऱ्या, अलीशिबा, मरीयेला आलेली वार्ता, योहानाचा जन्म, सगळं तिथे आहे. अर्ध्या तासाचं वाचन आहे आणि उजव्या भिंतीचा बराचसा भाग उलगडतो. गाइड नसला तरी चालेल.

फोटो काढता येतात का?

फ्लॅश आणि स्टँड न वापरता. मिस्सा चालू असताना नाही. त्रैक्याचा फोटो तुमच्या फोनपेक्षा छापील पुस्तकात नेहमीच बरा असतो, त्यामुळे तिथे डोळ्यांनीच पाहा.

गोव्याशी काही नातं आहे का?

आहे, फ्लॉरेन्स शहराचं. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू बसिलिकेत संत फ्रान्सिस झेविअर यांची पेटी ज्या संगमरवरी चबुतऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यानं घडवला. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची यानं तो भेट दिला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला गेला. आणि ज्या सास्सेत्ती घराण्याची गोष्ट वर आली, त्याच घराण्यातला व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८८ मध्ये गोव्यात वारला. भारतातून त्यानं मायदेशी लिहिलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांमधल्या साम्याची नोंद आहे.

आणि कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री?

ती इथून ट्रामनं जाण्यासारखी आहे. इंग्लंडहून परतताना छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, निवर्तले. अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू रीतीनं अंत्यसंस्कार झाले. तिथे १८७४ मध्ये रंगीत पुतळ्यासह छत्री उभारली गेली. कासिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला ती आहे. शेजारच्या पुलाचं नावही 'इंडियानो'. उद्यान लांबलचक आहे, ट्राम एका कडेला सोडते, तिथून बरंच चालावं लागतं, म्हणून पाण्याची बाटली आणि तासाभराची सवड हवी. मराठी माणसानं फ्लॉरेन्सला जाऊन तिथे जाऊ नये, हे मला पटत नाही.

शाकाहारी जेवण?

रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि पालेभाजीचं दाट सूप, किंवा टोमॅटो-पावाचं पाप्पा अल पोमोदोरो मागा. मांसाच्या पाण्यात शिजवलंय का हे आधी विचारा. सान लोरेन्झोचा मोठा बाजार चालत काही मिनिटांवर आहे.

दिवस उरला तर पुढे कुठे?

याच चर्चमधून गेलेलं एक चित्र पाहायला उफ्फीत्सीत जा. दुच्चोनं १२८५ मध्ये इथल्या भजनमंडळासाठी रंगवलेली भव्य मॅडोना, म्हणजे बाळ येशूसह मरीया, आता तिथे आहे. अर्नोच्या दिशेनं चाललात तर ओन्यिस्सान्ती चर्च लागतं. तिथे भोजनगृहाच्या भिंतीवर गिरलांदायोचं १४८० चं शेवटचं भोजन आहे आणि बोत्तिचेल्लीची कबर आहे. सांता त्रिनितामध्ये सास्सेत्ती चॅपल. मासाच्चोनं मन धरलं असेल तर नदीपलीकडच्या कार्मिने चर्चमधल्या ब्रान्काच्ची चॅपलला पर्याय नाही, पण तिथे थोड्याच लोकांना ठरलेल्या वेळेपुरतं सोडतात. त्यामुळे त्याचं आरक्षण निघण्याआधी घरूनच करून ठेवा.